बायबलमधील स्त्रिया आणि आधुनिक कादंबरी

बायबलमध्ये त्रोटकपणे उल्लेखिलेल्या वा मूक राहिलेल्या स्त्रियांच्या कथांना नव्याने आकार देणाऱ्या कादंबऱ्या, हा आधुनिक पाश्चात्त्य कथात्मक साहित्यातील एक लक्षणीय प्रवाह होय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो मुख्यतः टोमास मानसारख्या थोर कादंबरीकारांच्या बृहद् रचनांतून प्रकटला. १९८० नंतर स्त्रीवादी समीक्षेच्या प्रभावामुळे त्याला जोर आला आणि त्यात लोकप्रिय कादंबरीचीही भर पडली. ह्या कादंबऱ्यांचे मूल्यमापन करताना, मूक स्त्रीला वाचा फुटली हा एकच निकष सामान्यतः लावला जातो. तो अपुरा आहे. मूळ कथेतील स्त्रीचे मौन हे पुष्कळदा तिच्यावर झालेल्या अन्यायाची खूण असते. ते मौन भरून काढताना तो अन्याय अधिक स्पष्ट होतो की पुसला जातो, हा ह्या साहित्यासंबंधीचा कळीचा प्रश्न आहे.

बायबलमधील निवेदनशैली : हिब्रू बायबलमधील कथनाची रीत अत्यंत संयत आहे. व्यक्तीचे रूप, वय, मनोव्यापार ह्यांविषयी निवेदक क्वचितच बोलतो. कृती आणि मोजके संवाद ह्यांवरच त्याचा भर असतो. एरिख आउअरबाख (१८९२–१९५७) ह्या जर्मन समीक्षकाने मिमेसिस (१९४६) ह्या ग्रंथाच्या आरंभी होमरची शैली आणि ‘उत्पत्ती’ ह्या पुस्तकातील अब्राहामाची कथा ह्यांची तुलना करून ह्या शैलीचे वैशिष्ट्य दाखवून दिले आहे. होमरच्या काव्यात सर्व काही उजेडात येते, तर बायबलच्या कथेत बरेचसे अंधारात राहते व त्यामुळेच ते अर्थगर्भ ठरते. हा संयम पुरुषपात्रांनाही लागू आहे. मात्र त्याचे परिणाम सारखे नाहीत. अब्राहाम पुत्राचा बळी देण्यास निघतो, तेव्हा त्याच्या मनाचा ठाव लागत नसला, तरी कथा त्याचीच असते. मुलाच्या आईचा, सारेचा, त्या अध्यायात उल्लेखही नाही. पुढच्याच अध्यायात तिच्या मृत्यूची वार्ता येते. दावीद राजाने राजवाड्यात आणविलेली बथशेबा त्या अध्यायात मूळ हिब्रूतील केवळ दोन शब्द बोलते. आपण गर्भवती असल्याचा तो निरोप होय. तिची इच्छा काय होती, हे निवेदक सांगत नाही. योसेफावर आसक्त झालेली पोटीफराची पत्नी प्रेमयाचनेचे दोनच शब्द उच्चारते. तिला नावही नाही. याकोबाची मुलगी दीना तर संपूर्ण कथेत एकही शब्द बोलत नाही.

अर्थात बायबलमधील सर्वच स्त्रिया मूक आहेत, असे नव्हे. दबोरा ही न्यायनिवाडा करते व युद्धाला प्रेरणा देते. रूथ आणि एस्तेर ह्यांच्या नावांची स्वतंत्र पुस्तकेच जुन्या करारात आहेत. सारेची मिसरी दासी हागार ही वाळवंटात ईश्वराशी बोलते, इतकेच नव्हे, तर त्याला स्वतः नाव देते. त्यामुळे बायबलने स्त्रीला केवळ दडपले व आधुनिक कादंबरीने तिची सुटका केली, असे सरसकट विधान करता येत नाही.

पूर्वपीठिका : त्रोटक कथेतील जागा भरून काढण्याची परंपरा प्राचीन आहे. ज्यूंच्या ‘मिद्राश’ नामक भाष्यवाङ्मयात असे कल्पक विस्तार विपुल आढळतात. सारेचा मृत्यू पुत्राच्या बळीची वार्ता ऐकून झाला, ही कल्पना त्यांपैकीच एक. इस्लामी परंपरेत पोटीफराच्या पत्नीला झुलेखा हे नाव मिळाले व फार्सी कवी जामी (१४१४–९२) ह्याच्या यूसुफ व झुलेखा ह्या मस्नवी काव्यात तिच्या आसक्तीला गूढवादी अर्थ प्राप्त झाला. एकोणिसाव्या शतकात ग्रेस अ‍ॅग्विलार (१८१६–४७) ह्या ज्यू लेखिकेने द विमेन ऑफ इझ्राएल (१८४५) ह्या ग्रंथात बायबलमधील स्त्रियांची चरित्रे श्रद्धाभावाने रंगविली. तिच्यानंतर अर्धशतकाने अमेरिकन स्त्रीहक्कवादी एलिझाबेथ कॅडी स्टँटन (१८१५–१९०२) हिने सहकारी स्त्रियांच्या मदतीने द वूमन्स बायबल (दोन भाग, १८९५ व १८९८) हे भाष्य सिद्ध केले. स्त्रीला दुय्यम लेखणाऱ्या वचनांवरील त्यातील टीका इतकी प्रखर होती, की १८९६ मध्ये अमेरिकेतील स्त्रीमताधिकार संघटनेने त्या ग्रंथाशी आपला संबंध नसल्याचा ठराव केला.

हागारेची कथा ह्याच सुमारास कादंबरीत एका वेगळ्या वाटेने आली. पॉलिन हॉपकिन्स (१८५९–१९३०) ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची हागार्स डॉटर ही कादंबरी १९०१-०२ मध्ये नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची नायिका हागार ही प्रतिष्ठित गोऱ्या घराण्यातील गृहिणी म्हणून वावरत असताना आपला जन्म गुलाम वंशात झाल्याचे तिला कळते आणि एका क्षणात ती विकाऊ वस्तू ठरते. येथे बायबलमधील प्रसंगांचे पुनःकथन नाही. हागार ही प्रथमतः मालकीची दासी होती, ही मूळ कथेतील गोष्ट मात्र कादंबरीने अचूक हेरली आहे. अमेरिकेतील गुलामगिरीच्या अनुभवातून वाचणाऱ्या लेखिकेला ती शोधावी लागली नाही.

टोमास मान : योझेफ उंड झाइन ब्र्यूडर (४ खंड, १९३३–४३, म. शी. योसेफ आणि त्याचे भाऊ) ही टोमास मान (१८७५–१९५५) ह्याची चतुष्टयी नाझी राजवटीच्या काळात प्रसिद्ध झाली व तिचा बराच भाग देशत्यागाच्या अवस्थेत लिहिला गेला. तिच्या १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात पोटीफराच्या पत्नीला मानने मुत-एम-एनेत हे नाव दिले आहे. तिचा पती बालपणीच आईवडिलांकडून नपुंसक केला गेलेला राजदरबारी आहे, तिचा विवाह हा केवळ प्रतिष्ठेचा विधी आहे व ती देवतेच्या सेवेला वाहिलेली एक शालीन स्त्री आहे. तिचे प्रेम तीन वर्षांच्या अवधीत वाढत जाते. पहिल्या वर्षी ती ते लपविते, दुसऱ्या वर्षी सूचित करते आणि तिसऱ्या वर्षी उच्चारते. मूळ कथेतील ते दोन शब्द उच्चारण्यापूर्वी ती स्वतःची जीभ चावून घेते, त्यामुळे ते बोबड्या, जखमी वाणीतून बाहेर पडतात. इस्लामी परंपरेतील, फळे कापताना योसेफाच्या दर्शनाने स्त्रियांची बोटे कापली जातात तो प्रसंगही मानने येथे गुंफला आहे.

ह्या चित्रणाचे महत्त्व त्यातील न्यायबुद्धीत आहे. मान त्या स्त्रीला निर्दोष ठरवीत नाही. ती योसेफावर खोटा आळ घेते व त्याला तुरुंगात जावे लागते, हे मूळ कथेप्रमाणेच घडते. बदलते ते तिच्याकडे पाहण्याचे अंतर. जी केवळ ‘मोहात पाडणारी स्त्री’ म्हणून शतकानुशतके उपदेशकांच्या उपयोगी पडली, ती येथे एका व्यवस्थेने कोमेजविलेली व्यक्ती म्हणून दिसते. अपराध कायम ठेवून अपराध्याला माणूसपण देणे, ही ह्या पुनर्निर्मितीची रीत म्हणता येईल.

दीनेची कथा : ‘उत्पत्ती’च्या चौतिसाव्या अध्यायात दीना त्या देशातील मुलींना भेटावयास बाहेर पडते. तेथील अधिपती हमोर ह्याचा मुलगा शखेम तिला धरतो, तिच्याशी संग करतो व तिची अप्रतिष्ठा करतो. त्यानंतर तो तिच्यावर प्रेम करू लागतो व तिला मागणी घालतो. दीनेचे भाऊ सुंतेची अट घालून कपटाने संमती देतात आणि नगरातील पुरुष वेदनेने अंथरुणाला खिळलेले असताना शिमोन व लेवी त्यांची कत्तल करतात. याकोब त्यांना दोष देतो तो आपल्या कुळावर संकट ओढवेल म्हणून. भाऊ उत्तर देतात ते बहिणीच्या अब्रूच्या नावाने. दीनेला कोणी काही विचारीत नाही. नगरातील स्त्रिया व मुले ह्यांना कैद करून नेल्याचा उल्लेख तर एका वाक्यात उरकला आहे.

अ‍ॅनिटा डायमंट (१९५१–    ) ह्या अमेरिकन लेखिकेच्या द रेड टेंट (१९९७, म. शी. लाल तंबू) ह्या कादंबरीत दीना स्वतः आपली कथा सांगते. रजस्वला व बाळंत स्त्रिया ज्या तंबूत एकत्र राहतात, तो तंबू हे कादंबरीचे केंद्र होय. लेआ, राहेल, जिल्पा व बिल्हा ह्या चौघींकडून दीनेला गाणी, दैवते, सुईणीची विद्या आणि कुळाच्या आठवणी मिळतात. वाचकांनी एकमेकांना केलेल्या शिफारशींतून ही कादंबरी अफाट लोकप्रिय झाली. २०१४ मध्ये तिच्यावर आधारित दूरचित्रवाणी मालिकाही निघाली. बाळंतपण, दाईचे कौशल्य व आईकडून मुलीकडे जाणारे ज्ञान ह्यांचे तिच्यातील चित्रण निश्चितच सरस आहे. इतिहासग्रंथांत ज्याची नोंद होत नाही, असे स्त्रियांचे दैनंदिन जग तिने उभे केले.

तथापि मूळ प्रसंगाची कादंबरीतील मांडणी विचारात घेण्यासारखी आहे. येथे शखेमचे नाव शालेम असे आहे आणि त्याच्यावर दीनेचे प्रेम आहे. बलात्कार घडतच नाही. तो भावांनी रचलेला बनाव ठरतो आणि त्यांनी केलेला पतीचा वध हा खरा अपराध बनतो. ह्या बदलाला मूळ संहितेत काहीसा आधार आहे. त्या अध्यायातील हिब्रू क्रियापदाच्या नेमक्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद असून, उपलब्ध वृत्तांत पुरुषांच्या दृष्टीने सांगितलेला आहे, हेही खरे. परंतु ह्या मांडणीची किंमत मोठी आहे. मूळ कथेतील दीनेवर दोन बाजूंनी अन्याय होतो : एका पुरुषाने तिच्या शरीरावर बळजबरी केली आणि इतरांनी तिच्या नावाने रक्तपात केला. कादंबरीने दुसरा अन्याय ठळक केला व पहिला नाहीसा केला. दीनेला वाचा मिळाली, पण ती सांगते ती प्रेमकथा आहे. ज्या स्त्रीवर खरोखरच बळजबरी झाली आहे व जिला कोणी विचारीत नाही, तिची कथा मूळ अध्यायातच मूक राहिली.

बिल्हेच्या बाबतीतही असेच घडले आहे. मूळ कथेत ती राहेलीची दासी आहे. निपुत्रिक राहेल तिला पतीकडे पाठविते व तिच्या मुलांना आपली म्हणविते. डायमंटने बिल्हा व जिल्पा ह्या दोघींना लाबानाच्याच, दासींच्या पोटी जन्मलेल्या मुली केले आहे. बिल्हा बहिणीसाठी स्वखुशीने याकोबाकडे जाते. स्त्रियांचा भगिनीभाव हा कादंबरीचा गाभा असल्यामुळे मालकीण आणि दासी ह्यांच्यातील अंतर त्या भावाच्या आड गेले आहे.

मार्गारेट अ‍ॅटवुड : द हँडमेड्स टेल (१९८५, म. शी. दासीची कहाणी) ह्या कादंबरीत मार्गारेट अ‍ॅटवुड (१९३९–    ) ह्या कॅनेडियन लेखिकेने बिल्हेचीच कथा घेतली आहे, पण ती प्राचीन काळात नव्हे, तर भविष्यकाळातील अमेरिकेच्या भूमीवर मांडली आहे. गिलाद नामक धर्मसत्ताक राज्यात जननक्षम स्त्रियांना ‘दासी’ म्हणून उच्चाधिकाऱ्यांच्या घरी नेमले जाते. राहेल आणि बिल्हा ह्यांचा बायबलमधील प्रसंग कादंबरीच्या प्रारंभी उद्धृत केला असून, गिलादमध्ये मासिक विधीपूर्वी तोच वाचून दाखविला जातो. विधीच्या वेळी दासीला मालकिणीच्या मांड्यांमध्ये निजावे लागते. मूळ वचनातील ‘माझ्या मांडीवर प्रसूत व्हावी’ ह्या आशयाचे शब्द येथे शासकीय नियम बनतात. नायिकेला स्वतःचे नाव उरलेले नाही. ती ज्या अधिकाऱ्याची, त्याच्या नावावरून ती ओळखली जाते.

अ‍ॅटवुडने बिल्हेचे सांत्वन केलेले नाही. दासीची संमती कोणी विचारली नाही, ही मूळ कथेतील एकच गोष्ट तिने उचलली व तिच्यावर सबंध राज्ययंत्रणा उभी करून दाखविली. त्यामुळे परिचित कथेतील अन्याय वाचकाला पहिल्यांदाच दिसल्यासारखा होतो. गिलादमध्ये बायबल कुलुपात ठेवलेले असते व स्त्रियांना वाचनाची बंदी आहे. दासींना ऐकविल्या जाणाऱ्या येशूच्या धन्योद्गारांत मौनाची महती सांगणारे एक वचन घुसडलेले असते. ते मूळचे नाही हे नायिका जाणते, पण पडताळून पाहण्याचा मार्ग तिच्यापाशी नाही. कादंबरीच्या अखेरीस २१९५ सालातील एक विद्वत्परिषद येते. नायिकेची कहाणी ध्वनिफितींच्या रूपाने सापडलेली असून, एक प्राध्यापक तिची चिकित्सा करतो. त्याला तिच्या यातनांपेक्षा तिच्या मालकाची ओळख पटविण्यात अधिक रस असतो. स्त्री बोलली, तरी तिचे बोलणे कोण जुळविते व कशासाठी ऐकते, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

ह्याच कादंबरीचा उत्तरभाग असलेल्या द टेस्टामेंट्स (२०१९) ह्या कादंबरीला त्या वर्षीचे बुकर पारितोषिक बर्नार्डिन एव्हरिस्टो हिच्या कादंबरीबरोबर विभागून मिळाले. तिच्यातील एक प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मार्मिक आहे. ‘शास्ते’ ह्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एका लेव्याच्या उपपत्नीची भीषण कथा आहे. गिबा नगरात जमावापासून बचाव करण्यासाठी तिला घराबाहेर ढकलले जाते, रात्रभर तिच्यावर अत्याचार होतात आणि नंतर लेवी तिच्या देहाचे बारा तुकडे करून ते इस्राएलभर पाठवितो. कादंबरीतील मुलींना ही कथा अशी शिकविलेली असते, की त्या स्त्रीने इतरांसाठी उदात्त भावनेने स्वतः होऊन बलिदान केले. पुढे वाचनाचा अधिकार मिळाल्यावर मूळ ग्रंथ हाती घेतलेल्या मुलीला आढळते, की तेथे बलिदानाचा मागमूसही नाही. तिला केवळ बाहेर लोटले होते. मूळ संहिता येथे नंतरच्या कथनापेक्षा अधिक प्रामाणिक ठरते. विशेष म्हणजे ही तफावत बायबलच्याच अंतर्भागात आहे. पुढच्या अध्यायात लेवी जमलेल्या इस्राएल लोकांना घडलेले वृत्त सांगतो, तेव्हा तिला बाहेर काढून दिल्याचे तो वगळतो. त्या स्त्रीच्या कथेचे पहिले सोयीस्कर पुनःकथन अशा रीतीने त्या ग्रंथातच नोंदलेले आहे आणि खरी घटना त्याच्या शेजारीच ठेवलेली आहे.

बथशेबा : बथशेबेच्या कथेचे दोन भिन्न विकास आढळतात. स्वीडिश कादंबरीकार टोर्नी लिंडग्रेन (१९३८–२०१७) ह्याच्या बात सेबा (१९८४) ह्या कादंबरीला परकीय साहित्यासाठीचे फ्रेंच ‘फेमिना’ पारितोषिक १९८६ मध्ये मिळाले. तीत राजाने बळाने आणलेली स्त्री हळूहळू सत्तेचे स्वरूप ओळखते व अखेर स्वतः सत्ताधारी बनते. जेरल्डीन ब्रुक्स (१९५५–    ) हिच्या द सीक्रेट कॉर्ड (२०१५) मध्ये नाथान हा संदेष्टा निवेदक आहे. दावीदाचे चरित्र लिहिण्यासाठी तो साक्षी गोळा करतो व त्यांत दावीदाची पत्नी मीखल आणि बथशेबा ह्यांच्याही साक्षी येतात. बथशेबेने राजाला भुरळ घातली, ह्या रूढ समजुतीला ब्रुक्सने छेद दिला आहे. वस्तुतः मूळ ग्रंथातही ती समजूत नाही. तेथे नाथान एका गरिबाच्या मेंढीचा दृष्टांत देऊन सर्व दोष दावीदाच्याच माथी ठेवतो. भुरळीची कल्पना पुढील काळातील चित्रकारांनी व उपदेशकांनी रूढ केली. ब्रुक्सची कादंबरी ह्या अर्थाने संहितेविरुद्ध नव्हे, तर संहितेवर साचलेल्या पुटांविरुद्ध लिहिलेली आहे.

येशूची माता मरिया : बायबलमधील स्त्रियांपैकी सर्वांत पूज्य अशा मरियेचे बोलणे चार शुभवर्तमानांपैकी लूक व योहान ह्या दोहोंतच येते. आयरिश कादंबरीकार कोल्म टोबीन (१९५५–    ) ह्याच्या द टेस्टामेंट ऑफ मेरी (२०१२) ह्या लघुकादंबरीत ती इफिस येथे वृद्धपणी एकाकी राहत असते. दोन पुरुष तिच्यावर पहारा ठेवतात व त्यांना हवा तसा वृत्तांत तिच्याकडून वदवून घेऊ पाहतात. योहानाच्या शुभवर्तमानानुसार ती क्रुसापाशी उभी होती. टोबीनची मरिया सांगते, की जिवाच्या भीतीने आपण अंत होण्यापूर्वीच तेथून निघून गेलो. मुलाच्या मृत्यूने जगाचा उद्धार झाला, हे ती मान्य करीत नाही. हे चित्रण अनेक श्रद्धावंतांना दुखावणारे वाटले, हे स्वाभाविक होते. साहित्यदृष्ट्या त्याचे सामर्थ्य असे, की येथे वाचा मिळालेली स्त्री स्वतःची बाजू उजळ करीत नाही. आपण पळालो, ही लाज तिच्या साक्षीच्या केंद्रस्थानी आहे. सांत्वनासाठी रचलेली कथा ती नाकारते आणि ती नाकारताना स्वतःलाही सूट देत नाही.

मूल्यमापन : वरील कृतींतून दोन प्रवृत्ती स्पष्ट होतात. एक, स्त्रीला तिच्या दुःस्थितीतून कल्पनेने बाहेर काढणारी आणि दुसरी, ती दुःस्थिती वाचकाच्या नजरेसमोर धरून ठेवणारी. पहिलीमुळे वाचकाला दिलासा मिळतो व विस्मृत स्त्रियांविषयी व्यापक आस्था निर्माण होते. द रेड टेंटचे हे कार्य नाकारता येणार नाही. परंतु नायिकेला सुखी, समर्थ वा निष्कलंक करण्याच्या भरात ज्या व्यवस्थेने तिला मूक केले ती व्यवस्थाच नजरेआड होण्याचा धोका तीत असतो. मान, अ‍ॅटवुड व टोबीन ह्यांच्या कृती एकमेकींहून फार भिन्न असूनही दुसऱ्या प्रवृत्तीत मोडतात. त्यांचे सामर्थ्य मूळ कथेच्या सूक्ष्म वाचनातून आलेले आहे. कथेतील नेमका कोणता शब्द खटकतो, हे त्यांनी शोधले व तो शब्द सौम्य केला नाही.

मराठी वाचकाला हा प्रश्न अपरिचित नाही. इरावती कर्वे (१९०५–७०) ह्यांच्या युगान्त (१९६७) ह्या ग्रंथातील गांधारी, कुंती व द्रौपदी ह्यांच्यावरील लेखनाने महाभारतातील स्त्रियांचा असाच निर्मम पुनर्विचार केला आहे. बायबलच्या संदर्भात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांचे कार्य उल्लेखनीय ठरते. त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सबंध बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. केडगावच्या मुक्ती मिशनने ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रकाशित केले. सामान्य शिक्षण झालेल्या स्त्रियांना तो ग्रंथ स्वतः वाचता यावा, ही त्यामागील दृष्टी होती. अ‍ॅटवुडच्या कादंबरीतील मुलीला कुलपातला ग्रंथ उघडल्यावर जे कळले, ते कळण्याचा मार्ग हाच आहे. कादंबरीकाराने रचलेली नवी कथा वाचकाला जेव्हा मूळ कथेकडे परत नेते व तेथील मौन अधिक असह्य करते, तेव्हाच ते पुनःकथन सार्थ ठरते.